उलट्या स्प्रिंगची कुळकथा

स्टीलची फूटपट्टी दोन्ही टोकांना दाबून धरा. ती एका बाजूला फुगते. तो फुगवटा बोटाने रेटत मधोमध आणला की पट्टी तिथे क्षणभरही टिकत नाही, फटकन पलीकडे उडते. साधी स्प्रिंग ढळली की मूळ जागी ओढते. ही पट्टी मध्यापासून जरा ढळली की आणखी दूर लोटते. या उफराट्या वागण्याला ऋण ताठरता म्हणतात. दाबाखालचा खांब कधी वाकेल याचं गणित ऑयलरने १७४४ साली मांडलं. इंजिनिअरांनी ते पुढे वापरलं ते मुख्यतः खांब वाकू नये म्हणून.

या अवगुणाची पहिली कदर केली ती भूकंप मोजणाऱ्यांनी. जमीन हलली तरी जागचं न हलणारं वजन त्यांना हवं होतं. जर्मनीत ग्योटिंगेनला एमिल वीखर्टने १९०० च्या सुमारास उलटा लंबक उभा केला: सुमारे हजार किलोचं वजन खालच्या टेकूवर तोललेलं. गुरुत्वाकर्षण त्याला पाडू पाहतं, स्प्रिंगा सावरतात. दोघांची ओढाताण जवळजवळ बरोबरीत सुटते, म्हणून ते धूड अगदी संथ डोलतं.

हे झालं आडव्या हादऱ्यांचं. उभ्या हादऱ्यांनी मात्र घाम फोडला. टांगलेलं वजन वर-खाली एकदा डोलायला २० सेकंद लागावेत असं वाटत असेल, तर साधी स्प्रिंग त्या वजनाने सुमारे १०० मीटर ताणली जायला हवी. टेक्सास विद्यापीठात आर्नल्ड रॉम्बर्ग यांनी हा प्रश्न लुसिएन लाकोस्ट या विद्यार्थ्यापुढे ठेवला. १९३२ मध्ये त्याने तोड काढली. बिजागरीवरच्या दांड्याला वजन, आणि दांडा तोलून धरणारी तिरकी स्प्रिंग. दांडा वर-खाली झाला तरी वजनाचा आणि स्प्रिंगचा पीळ बरोबरीने बदलत राहतो. त्यासाठी ताण स्प्रिंगच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात हवा, म्हणून गुंडाळतानाच तार पिळून वेटोळी एकमेकांवर घट्ट दाबून बसवली. याच युक्तीवर बेतलेले लाकोस्ट-रॉम्बर्ग गुरुत्वमापक पुढे जगभर गेले.

मोजण्याची ही विद्या उपकरणांना हादऱ्यांपासून वाचवायच्या कामी आली ती नंतर. ब्रिटनमध्ये मॉलिनो यांनी १९५७ साली हादरे अडवणाऱ्या आधारांवर अहवाल लिहिला. गणित तेच: सेकंदाला अर्ध्या आवर्तनाइतकी मऊ स्प्रिंग हवी तर ती वजनाखाली मीटरभर खचणार. सूक्ष्मदर्शकाखाली एवढी जागा आणायची कुठून?

कॅलिफोर्नियात डेव्हिड प्लेटस यांनी यावर जे उत्तर शोधलं ते १९९० च्या दशकात मायनस के कंपनीमार्फत बाजारात आलं. त्यात वजन पेलते एक साधी, पुरेशी ताठ उभी स्प्रिंग. तिला आडव्या लवचीक पट्ट्या जोडलेल्या, आणि त्या पट्ट्या स्क्रूने टोकांकडून दाबलेल्या. स्क्रू आवळत जावा तसा पट्ट्यांचा उलटा जोर वाढतो आणि स्प्रिंगच्या ताठरतेतून वजा होत जातो. खुबी अशी की नेमक्या मध्यावर पट्ट्या वर-खाली कुठेच जोर लावत नाहीत. त्यामुळे भार स्प्रिंगच पेलते, पण ढळताना मीटरभर खचलेल्या स्प्रिंगइतकी मऊ वागते. ना वीज लागते, ना हवेचा पंप. २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात जेम्स वेब दुर्बिणीची चाचणी झाली, तेव्हा तिला इमारतीच्या हादऱ्यांपासून याच जातीच्या आधारांनी वाचवलं.

ही युक्ती सरसकट चालत नाही, हेही सांगायला हवं. मध्यापासून फार दूर गेलं की तोल बिघडतो. वजन बदललं की पुन्हा जुळवणी करावी लागते. स्क्रू जास्त आवळला गेला तर स्प्रिंग हरते आणि सगळा डोलारा पट्टीसारखा एका बाजूला कलंडतो. बदलत्या भाराच्या यंत्राखाली हा आधार घालू नये. ठरलेल्या वजनाच्या नाजूक उपकरणाखाली मात्र डोळे मिटून घालावा.