भीमेकांठच्या बंदुका आणि त्यांची पारख

शस्त्राची कीर्ति कशी होते हें पाहावयाचें असेल, तर शिरूर तालुक्यांतील कोरेगांवच्या लढाईसारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. घोड नदीच्या कांठीं शिरूर येथें कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन हा तेथून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबईच्या देशी पलटणीचे सुमारें ५०० शिपाई, कांहीं घोडेस्वार आणि दोन सहा पौंडी तोफा एवढेंच बळ होतें. रात्रभर चालून सकाळीं तो भीमेवर आला, तों पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची अफाट फौज उभी! त्यानें कोरेगांवांत आश्रय घेतला. १ जानेवारी १८१८ चा सबंध दिवस, पाण्यावांचून, गल्लीबोळांतून झुंज चालली. एक तोफ गेली आणि परत मिळविण्यांत आली. मेलेले व घायाळ मिळून कंपनीचीं सुमारें पावणेतीनशें माणसें पडलीं. पण गांव हातचें गेलें नाहीं.

पुढें असें म्हणणें सोपें झालें कीं, विलायती बंदूक श्रेष्ठ ठरली आणि पेशव्यांच्या अरबांची तोडेदार बंदूक हिणकस ठरली. हें अनुमान वरवर पाहतां सरळ दिसतें. परंतु कंपनीच्या शिपायाची बंदूक चकमकीची. चाप ओढला कीं गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी रंजकावर पडे आणि मग बार उडे. गारगोटी झिजली अथवा रंजक दमट झालें, कीं बार फुकट! तोडेदार बंदुकींत जळता तोडाच रंजकास टेकत असल्यामुळें ठिणगीचा प्रश्न नव्हता. मात्र तोडा सतत पेटता ठेवावा लागे आणि पावसांत त्याची फजिती होई. दोहोंचे गुणदोष निरनिराळे होते. शिवाय कंपनीची बंदूक एका नांवाची असली, तरी ती इंग्लंडांतील अनेक कारागीरांच्या हातची होती.

त्या दिवशीं किती बार उडाले आणि किती फुसके गेले? मृतांची मोजदाद झाली, परंतु फुसक्या बारांची मोजदाद ठेवण्याची त्या काळीं रीतच नव्हती. ज्याची बंदूक ऐन वेळीं उडाली नाहीं, त्यांतील कित्येक तर साक्ष देण्यास उरलेच नसतील. जगले त्यांनीं आपल्या शस्त्राची स्तुति करावी हें स्वाभाविक आहे. विजयाचें श्रेय बंदुकीस देतांना आणखी एक अन्याय होतो. गांवांतील भिंतींचा आडोसा, पलटणीची कवाईत, आणि ज्या महार शिपायांचीं नांवें पुढें तेथील स्तंभावर कोरलीं गेलीं त्यांची व त्यांच्या सोबत्यांची चिकाटी, हें सर्व एका लोखंडी नळीच्या नांवावर जमा होतें.

खरी परीक्षा कशी असते, हें १८३४ सालीं इंग्लंडांत वुलिच येथें दिसलें. चकमकीच्या सहा बंदुका आणि नव्या टोपीच्या सहा बंदुका घेऊन प्रत्येक प्रकारच्या ६,००० बारांची नोंद करण्यांत आली. चकमकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीचे अवघे ३६. म्हणजे हजारीं सुमारें १५४ विरुद्ध ६. येथें शौर्याची कथा नाहीं, सेनापतीचें नांव नाहीं. पण निर्णय निःसंशय आहे, कारण चुकलेल्या बारांबरोबर उडालेले बारही मोजले गेले.

हा धडा जग पुनःपुन्हा विसरलें. व्हिएतनामच्या युद्धांत एम-१६ या अमेरिकन रायफलीचें नांव फार बदनाम झालें. १९६७ सालीं अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या समितीनें चौकशी केली, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. काडतुसांतील दारूची जात बदलली होती आणि सफाईचें साहित्य शिपायांस पुरेसें मिळालें नव्हतें. पुढें दारूगोळीच्या कोठ्यास क्रोमचा मुलामा दिला, सफाईची शिस्त लावली, आणि त्याच नांवाची रायफल अनेक दशकें चालली. दोष नांवांत नव्हता. दारू, सफाई व घडण यांच्या जोडणींत होता.

कोरेगांवावरून वाहणारी भीमा पुढें दौंडास जाते. तेथें राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ५ व ७ यांचीं ठाणीं आहेत. शस्त्राची पारख ही तेथील जवानाच्या जिवाची गोष्ट आहे. 'अमक्या रायफलीनें मला कधीं दगा दिला नाहीं' ही अनुभवी हवालदाराची साक्ष मोलाची खरी, पण तिचें माप कळलें पाहिजे. समजा, एका रायफलीनें ३०० बार निर्वेध काढले. एवढ्यावरून शंभरांत एकाहून अधिक अडथळे येत नसावेत, इतकेंच बऱ्याच खात्रीनें म्हणतां येतें. हजारांत एकही येणार नाहीं असें नव्हे. म्हणून कोणत्याही शस्त्रागारांत प्रत्येक रायफलीच्या क्रमांकासमोर उडालेले बार, अडलेले बार, काडतुसांचा गट आणि शेवटच्या सफाईची तारीख हीं चार घरें भरलीं जाणें अवश्य आहे. अशी वही कंटाळवाणी असते, तिचा पोवाडा होत नाहीं. पण संकटाच्या रात्रीं कोणती रायफल हातीं द्यावी, हें तीच सांगूं शकते.