शाळेत न गेलेला मिल

जॉन स्टुअर्ट मिल लहानपणी शाळेत गेलाच नाही. तिसऱ्या वर्षी वडिलांनीच त्याचे ग्रीक सुरू केले. १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात तो म्हणतो, प्रत्येक मूल शिकेल हे सरकारने पाहावे. पण सारे शिक्षण सरकारने हाती घेतले, तर माणसे एकाच साच्यातून निघतील. ईस्ट इंडिया कंपनीत ३५ वर्षे नोकरी केलेल्या याच मिलने ‘मागासलेल्या’ समाजांना मात्र हे स्वातंत्र्य नाकारले. पुण्यात आगरकरांनी मिल वाचला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढून व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेतला. मला मोल वाटते ते याचेच. ज्याने आपल्याला वगळले, त्याच्याकडूनही हवे ते घेणे, हेच मी स्वतः शिकणे मानतो.