एकाच घड्याळावर : अपस्माराच्या निदानाची गोष्ट

अपस्माराची एक अडचण फार जुनी आहे. ज्याला झटका येतो त्याला तो बहुधा आठवत नाही, आणि डॉक्टर त्या वेळी समोर नसतात. मग निदान कशावर? बघणाऱ्याच्या सांगण्यावर. आपल्याकडे कुणी कांदा हुंगवायला धावतो, कुणी चप्पल. त्या गडबडीत आधी कोणता हात आखडला, हे कोण ध्यानात ठेवणार?

१८७०च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या विभागात झटक्यांचे फोटो काढत. अपस्मार कुठला आणि हिस्टेरिया कुठला, हा तिथला मोठा प्रश्न होता. कॅमेरा होता, पण मेंदूत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

ते दिसायला लागलं जर्मनीतल्या येना शहरात. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९३५ मध्ये बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवलं, की क्षणभर हरवल्यासारखं होणाऱ्या झटक्यात सेकंदाला सुमारे तीन अशा ठराविक लहरी उमटतात. प्रश्न सुटला? नाही. ईईजी अर्ध्या तासाचा, आणि झटका महिन्यातून एखादा! मधल्या काळातला आलेख पुष्कळदा साधाच निघतो.

म्हणून दोन्ही जोडायला हवं होतं. १९४९ मध्ये माँट्रियलच्या हंटर आणि जॅस्पर यांनी चित्रण व आलेख एकत्र टिपण्याची पद्धत मांडली. पण फिल्मचं रीळ लवकर संपे. व्हिडिओटेप आली, मग संगणक आला, तेव्हा कुठे दिवसरात्र नोंद सोपी झाली. आज रुग्ण काही दिवस दाखल राहतो, गरजेप्रमाणे डॉक्टर देखरेखीखाली औषध कमी करतात आणि झटक्याची वाट पाहतात. चित्र आणि लहरी, एकाच घड्याळावर.

हाती काय लागलं? झटका मेंदूच्या कुठल्या भागातून उठतो हे कळलं, तर काहींना शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो. दुसरं, अशा केंद्रांत येणाऱ्या पाचांतल्या निदान एकाचे झटके अपस्माराचे नसतातच. ही माणसं ढोंग करत नसतात. त्रास खरा, उपचार मात्र मानसिक. तोवर कित्येकांनी वर्षानुवर्षं भलत्याच गोळ्या घेतलेल्या असतात. उलटही घडतं : ज्याला घरचे ‘नाटक’ म्हणत होते, तोच अपस्मार निघतो.

तेव्हा कुणाला झटका आला तर चप्पल शोधू नका. त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. डॉक्टरांना तेच हवं असतं.