सांगड, शाकारणी आणि विजयदुर्गची आग

'सांगड घालणे' हा शब्द आपण ऑफिसात, घरात, भाषणात सारखा वापरतो. पण सांगड म्हणजे मुळात काय? तर दोन होड्या, ओंडके किंवा चक्क वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेलं तरंगणारं साधन. म्हणजे हल्ली रिसॉर्टच्या तलावात दोन लांब नळकांड्यांवर सपाट डेक टाकलेली जी 'पाँटून बोट' दिसते, ती आपली सांगडच की! अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने १९५२ च्या सुमारास लोखंडी पिंपांच्या दोन रांगा जोडून त्यावर लाकडी डेक बसवला आणि तिथून या बोटींचा धंदा सुरू झाला. कल्पना मात्र फार जुनी आहे.

आता खरा प्रश्न. अशी बोट वापरात नसते तेव्हा ठेवायची कुठे आणि कशी? प्रश्न फालतू वाटतो, पण याच प्रश्नावर मराठी इतिहासाचं एक मोठं पान जळून गेलंय. शब्दशः जळून. त्याकडे येतोच, पण आधी थोडं विषयांतर.

आम्हा पिंप्राळ्याच्या लोकांना 'वर्षातून एकदा वापर आणि बाकी वर्षभर सांभाळ' हा प्रकार नवा नाही. आषाढी एकादशीला आमच्याकडे रथ निघतो. रथ ओढला जातो एक दिवस, आणि लाकडाला ऊन, पाऊस, वाळवी यांपासून जपायचं ते उरलेलं सगळं वर्ष. बघायला येणाऱ्या गर्दीला तो एक दिवसच दिसतो. होडीचंही अगदी तसंच.

गंमत म्हणजे प्रत्येक ठिकाणी होडीचा 'ऑफ सीझन' वेगळा आणि शत्रूही वेगळा. मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठतात. नळकांड्यात थोडं जरी पाणी शिरलेलं असलं तरी गोठताना ते फुगतं आणि धातू फाडतं, म्हणून बोट थंडीआधी बाहेर काढावी लागते. प्रयागला उलटं. तिथे माघ मेळ्यासाठी गंगेवर लोखंडी पिप्यांचे पूल टाकतात (२०२५ च्या महाकुंभात असे ३० पूल होते) आणि पावसाळ्यात नदी चढायच्या आत ते उचलून काठावर रचून ठेवतात. तिथला शत्रू पूर.

आपल्या तापीचं काय? पूल नव्हते तेव्हा उन्हाळ्यात तापी कितीतरी ठिकाणी उताराने, म्हणजे पायी किंवा बैलगाडीने ओलांडता यायची. नावेची खरी गरज पावसाळ्यात. म्हणजे खान्देशात नाव रिकामी असायचे दिवस हे नेमके उन्हाळ्याचे. आणि आमचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. अशा उन्हात लाकडी नाव काठावर उघडी टाकली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पहिल्या पावसात पाण्यात घातल्यावर ती चाळणीसारखी गळते. बंगालमध्ये यावर एक अफाट उपाय करतात. कोरड्या दिवसांत होडी मुद्दाम तळ्यात बुडवून ठेवतात! पाण्याखाली ऊन नाही, हवा जवळपास नाही, त्यामुळे लाकूड फाटतही नाही आणि कुजतही नाही. होडी वाचवायची तर ती बुडवा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली होती :-)

कोकणात शत्रू पुन्हा वेगळा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या. साधारण १ जून ते ३१ जुलै ही सरकारी मासेमारी बंदी फार नंतर आली, पण नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही हा रिवाज त्याच्या कितीतरी आधीचा. ओढून झालं की टेकू देऊन होडी उभी करायची, जाळी-शिडं उतरवायची आणि वरून झावळ्यांच्या झापांनी होडी 'शाकारायची'. घर शाकारतात तशीच होडी. आता झापांच्या जागी निळी-काळी प्लास्टिकची ताडपत्री दिसते, पण शब्द तोच आहे.

हे छप्पर कशासाठी? होडी तर आयुष्यभर पाण्यातच असते! तर त्याचं उत्तर असं की खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी फारशी वाढत नाही. लाकूड कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्याने, तेही होडीच्या आत साचलेल्या. उलट खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते. होडी काही आठवडे कोरड्यावर राहिली की ती मरते. म्हणजे समुद्रातून बाहेर काढल्याने किडीपासून सुटका आणि शाकारल्याने पावसापासून. शिवाय याच दिवसांत सांध्यांत कापूस ठासायचा, तेल-राळ लावायची. सुट्टी होडीला असते, माणसांना नाही.

आता मराठी आरमाराकडे. त्यांचं वेळापत्रकही मोसमी वाऱ्यांनी बांधलेलं होतं. पावसाळ्यात आरमाराची छावणी, पाऊस सरला की पुन्हा समुद्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (साधारण १७१५-१६) आरमाराचा स्वतंत्र विचार आहे. त्यातलंच ते प्रसिद्ध कलम, की आंबा-फणसाची लाकडं आरमाराच्या कामाची असली तरी त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. हे सहसा पर्यावरणाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. मला त्यात हिशोबही दिसतो. लाकूड तयार व्हायला एवढी वर्षं लागत असतील तर असलेलं जहाज टिकवणं हे नवं बांधण्याएवढंच मोलाचं.

आणि त्याची सोयही केलेली होती. विजयदुर्गच्या मागे वाघोटणच्या खाडीत, गिर्ये गावाजवळ, खडकात खोदलेली गोदी आहे. आंग्र्यांच्या काळातली मानतात. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ दुरुस्तीला मोकळा. मराठी गुराबा आणि गलबतं उथळ पाण्यात चालणारी, त्यामुळे ती खाडीत आतपर्यंत जात. इंग्रजांची खोल बुडाची मोठी जहाजं तिथे जाऊ शकत नसत.

मग घात कुठे झाला? १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गवर आले. आंग्र्यांचं आरमार तेव्हा समुद्रात नव्हतं. ते बंदरात, किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना बांधून उभं होतं. १२ फेब्रुवारीला एक तोफगोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे मुळात ईस्ट इंडिया कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी १७४९ मध्ये पकडलेलं. ते पेटलं, आणि जहाजं एकमेकांना बांधलेली असल्याने आग एकावरून दुसऱ्यावर गेली. बघता बघता सगळं आरमार खाक. अर्धशतकाहून जास्त काळ कोकण किनाऱ्यावर दरारा असलेली ताकद एका दुपारी संपली, तीही भर समुद्रात लढून नाही, तर उभ्या जागी.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. सगळे सर्व्हर एकाच खोलीत आणि बॅकअपही त्याच खोलीत! एकत्र बांधलेली जहाजं लाटांपासून, चोरीपासून सुरक्षित असतात आणि पहाऱ्यालाही सोपी. पण ज्या दोराने ती जोडलेली असतात त्याच दोराने आगही जाते. सांगड तरंगते ती बांधल्यामुळे, आणि आरमार जळालं तेही बांधल्यामुळेच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तेच वॉटसन आणि क्लाईव्ह तिथून बंगालच्या मोहिमेवर गेले आणि १७५७ मध्ये प्लासी झालं. पेशव्यांचं आरमार पुढे आनंदराव धुळपांच्या हाताखाली लढत राहिलं, पण आंग्र्यांचा तो धाक परत आला नाही.

आपण इतिहासात लढाया वाचतो, मोहिमा वाचतो. दोन मोहिमांच्या मधे सामान कुठे होतं, कोण राखत होतं, कशाने झाकलं होतं, हे कोणी विचारत नाही. खरं तर निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

असो. विजयदुर्गला गेलात तर सगळे जातात तसा किल्ला बघाच, पण तासभर काढून गिर्येची गोदीही बघा. जायला जमलं तर जूनमध्ये जा. वाटेत प्रत्येक बंदरावर शाकारलेल्या होड्या दिसतील.