शर्ट काढा, डॉक्टर येताहेत

शर्ट काढा. लाजू नका, बाकावरच्या सगळ्यांनी काढलाय. सत्तरचं दशक संपत आलंय, ऑक्टोबरातला रविवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि तुम्ही पिंपरीत एका कारखान्याच्या कॅन्टीनवरच्या हॉलमध्ये बसलेले आहात. खालून डाळीला दिलेल्या फोडणीचा वास वर येतोय, वरून पंखा कुरकुरतोय. तो फिरतोय असं म्हणायला हरकत नाही, वारा मात्र लागत नाही.

आज त्वचारोगतज्ज्ञांची बैठक आहे. पदव्या घेऊन, दवाखाने थाटून बसलेली माणसं इथं पुन्हा शिकायला जमतात. पुढं याला ‘सीएमई’ (कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन) म्हणतील, क्रेडिट पॉइंट मोजतील. सध्या नुसतं ‘क्लिनिकल मीटिंग’ म्हणतात. अशा बैठका पुष्कळ झाल्या, त्यातलीच एक आपण आपल्या सोयीनं जुळवून घेतलीय, तेव्हा तिची तारीख शोधत बसू नका. आणि एवढ्या मागच्या काळात नेलं म्हणजे तुम्हाला डॉक्टरांची खुर्ची मिळेल, कपबशीतून चहा येईल, अशीही आशा धरू नका. तुम्ही पेशंट आहात. आजचा धडा तुमच्याच कातडीवर आहे.

हात बघा स्वतःचे. मनगटापासून बोटांच्या मागच्या बाजूपर्यंत कातडी जाड, काळपट, भेगाळलेली आहे. रात्रपाळीला खाज सुटली की तुम्ही कॉटच्या लोखंडी कडेवर हात घासता, मग आग होते, आणि खाजेपेक्षा आग बरी वाटते. तुम्ही प्रेस शॉपला आहात. दिवसभर तेलकट पत्रे उचलायचे, मशीनखाली सरकवायचे, काढायचे. शिफ्ट सुटली की हात रॉकेलनं धुवायचे, वरून लाकडाचा भुसा चोळायचा. साबण मिळतो, पण रॉकेलनं तेल लवकर निघतं. काळेवाडीच्या खोलीत सगळ्यांनी निदान करून टाकलंय: तेल बाधलं. सुपरवायझरचंही तेच मत. गावाकडून आलेल्या आत्यानं मात्र हात बघून पदर तोंडाला लावला आणि पाण्याचा तांब्या जरा लांबूनच ठेवला. ती काही बोलली नाही. तिच्या मनात कुठला रोग आला ते तुम्हाला कळलं, आणि तेव्हापासून झोप नाही.

शिवाय पाठीवर पट्ट्या आहेत. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी दोन ओळींत छोट्या चकत्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली कसला ना कसला लेप. अठ्ठेचाळीस तास काढायच्या नाहीत, अंघोळ नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही. शेवटची अट घालणारा डॉक्टर प्रेस शॉपमध्ये कधी उभा राहिलेला नसणार. तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळं आजची हजेरी चिठ्ठीवर. पट्ट्यांखाली आता तीन ठिकाणी खाजतंय आणि हात पोचत नाही. पोचला तरी परवानगी नाही.

शेजाऱ्याशी बोला म्हणजे लक्ष जरा दुसरीकडं जाईल. डावीकडचे बाबा चाकणचे. आता चाकण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं मोटारींचे कारखाने येत असतील, ते पुसून टाका. या सकाळी चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार, आणि बाबांच्या धोतरालाही कांद्याचाच वास आहे. पहाटे एसटीनं नाशिक फाट्याला उतरले, तिथून चालत आले. त्यांच्या चेहऱ्याची कातडी सुजून घड्या पडल्यात, पापण्या जड, मान आणि कोपरांचे खळगे सोललेले. टोपी आणि सदऱ्याखाली झाकलेला भाग मात्र साफ आहे.

“उन्हाचं हाय म्हंत्यात,” बाबा म्हणतात. “पर ऊन काय आत्ता आलं व्हय?”

प्रश्न बिनतोड आहे. बाबांच्या बांधावर दुसरंच काहीतरी नवीन आलंय: पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत. पुण्याच्या उकिरड्यांवर ते पन्नाशीच्या दशकात दिसलं आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची भारतातली पहिली नोंद छापली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर बी आलं, असं लोक सांगतात. पावसाळ्यानंतर ते कमरेएवढं वाढतं, त्याची धूळ वाऱ्यावर उडते आणि उघड्या कातडीवर बसते. पुण्याच्या डॉ. लोणकरांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी त्वचातज्ज्ञांबरोबर १९७४ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात या विकारावर लिहिलं. बाबांना त्यातलं काही माहीत नाही. त्यांच्या पाठीवर मात्र त्याच गवताची एक पट्टी आहे, आणि ते तुमच्यापेक्षा जास्त चुळबुळ करताहेत.

उजवीकडचा पोरगा प्लेटिंग शॉपचा. वीस-एकविसाचा. बोटांवर खोल, गोल, कडा उचललेल्या जखमा. “दुखत नाही राव,” तो म्हणतो आणि हसतो. दुखत नाही म्हणूनच तो वर्षभर कुणाकडं गेला नाही. क्रोमिक ॲसिडच्या टाकीवर उभा राहतो, वाफ नाकात जाते. पडद्यापलीकडं बायकांचं बाक आहे. तिथून बांगड्या वाजतात आणि एक बाई ठसक्यात सांगताना ऐकू येते की कुंकू लावायचं मी सोडणार नाही, तुम्ही औषध सोडा.

आले. जिन्यावर बुटांचा आवाज, मग एकदम वीस-पंचवीस माणसं. टेरिकॉटचे शर्ट, डेटॉल, सिगारेट, केसांना लावलेलं तेल. कुणी सकाळच्या गाडीनं मुंबईहून आलंय, कुणी डेक्कनहून लॅम्ब्रेटावर. ते तुम्हाला नमस्कार करत नाहीत, नावही विचारत नाहीत. उर्मटपणा नाही हा, खेळाचा नियम आहे. आधी नुसतं बघायचं, ओळखायचं, मनात ठेवायचं. पेशंटची हकिकत नंतर.

एकजण तुमचा हात उचलून खिडकीच्या उजेडात धरतो. दुसरा भिंग लावतो. तिसरा काचेची पट्टी कातडीवर दाबून लाली जाते का बघतो. त्याचे हात थंडगार आहेत, आणि अशा उकाड्यात ते बरं वाटतं. चौथा नखानं खरवडतो. ‘लायकेनिफाइड’ हा शब्द तुमच्या डोक्यावरून तीनदा जातो. आपली जातच बदलली की काय, असं वाटून तुम्ही शेजारच्या बाबांकडं बघता. एक तरुण डॉक्टरीणबाई तुमच्या बोटांच्या बेचक्यांत डोकावतात, मान हलवतात आणि पुढं जातात. त्यांनी काय ठरवलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

मग एक पांढऱ्या मिशांचे डॉक्टर येतात. ते हाताकडं बघतच नाहीत. कोपरामागची नस चाचपतात, ती जाड झालीय का बघतात. खिशातून कापसाचा पुंजका काढून त्याची सुतासारखी वात ओढतात.

“डोळे मिटा. कापूस लागला की तिथं बोट ठेवा.”

मिटले डोळे. आता हॉलमध्ये फक्त पंख्याची कुरकुर. आत्या आठवते, तांब्या आठवतो. घाम पाठीवरून पट्ट्यांखाली उतरतो. आणि मग मनगटाच्या वर मुंगी चालल्यासारखं काहीतरी. तुम्ही झटकन बोट ठेवता. पुन्हा. अंगठ्याजवळ. पुन्हा. करंगळी.

“हं,” डॉक्टर म्हणतात. “महारोग नाही. झोपा शांत.” तुम्ही तर विचारलंही नव्हतं.

बाकाच्या टोकाला एक माणूस डोळे मिटून बसलाय. त्याच्या दंडावर फिकट चट्टा आहे. डॉक्टर कापूस फिरवतात, उचलतात, पुन्हा फिरवतात. त्याचं बोट मांडीवरून हलत नाही. पुढच्या तासात त्याला डॅप्सोनच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळेल. त्या त्याला वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, कारण दोन-तीन औषधं एकत्र देऊन ठरावीक मुदतीत बरं करण्याची पद्धत यायला अजून थोडी वर्षं आहेत.

साडेअकराला पेशंटना जिलबी, बटाटेवडा आणि चहा. डॉक्टरांनाही तेच, त्याच ताटल्यांतून. हात कुठं धुवायचे यावरून थोडी धांदल होते. मिशीवाले डॉक्टर चहा घेऊन खिडकीत उभे आहेत, तुम्ही ऐकायला जवळ सरका. ते तरुणांना पेनिसिलिनच्या आधीचे दिवस सांगताहेत: गरमीच्या रोग्याला शिरेतून आर्सेनिक, कुल्ल्यात बिस्मथ, आठवड्यामागून आठवडे, हिरड्यांवर निळी रेघ उमटेपर्यंत. ‘त्वचारोग व गुप्तरोग’ अशी दवाखान्याची पाटी. पेशंट अंधार पडल्यावर मागच्या दारानं यायचा. मुंबईत डॉ. यू. बी. नारायण राव यांनी १९३५ मध्ये गुप्तरोगांचं नियतकालिक काढलं, त्याचे जुने अंक यांच्या कपाटात आहेत. हल्ली त्याच परंपरेतल्या नियतकालिकात केसांवरचे लेखही छापून येतात, याची त्यांना थोडी गंमत वाटते आणि थोडा राग येतो.

“आणि ते बघा,” खिडकीबाहेर हात करून ते म्हणतात. तिकडं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची चिमणी. १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार होतंय. सकाळी येताना त्या बाजूचा वारा तुमच्याही अंगावर आला होता, आंबूस आणि मातकट. यातला मातकटपणा पहिल्या पावसाच्या वासाचा सख्खा भाऊ, कारण मातीला तो वास देणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातलेच जंतू तिथल्या टाक्यांत पोसलेले आहेत. याच कुळातला एक जंतू तिथल्या तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी अभ्यासला, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी घातली आणि त्यातून बुरशीवरचं हॅमायसिन काढलं. मुंबईचा पाहुणा डॉक्टर भुवया उंचावतो. पिंपरीवाले छाती फुगवतात. असे क्षण बैठकीच्या टिपणात येत नाहीत, पण माणसं रविवारची झोप मोडून याचसाठी येतात, असा माझा संशय आहे.

आता वाद. तुम्हाला पुढं स्टुलावर बसवतात. कुणी म्हणतं तेल, कुणी बुरशी, कुणी घड्याळाच्या पट्ट्याचं निकेल. प्रत्येकजण आपल्या मतासाठी तुमचा हात एकदा तरी ओढतो. मग आयोजक डॉक्टर विचारतात, “दादा, काम काय करता? नीट सांगा, उठल्यापासून.” रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० मध्ये लिहिलं होतं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत हाही घाला. पिंपरीत तो आज तुम्हाला विचारला गेला आणि तुम्ही पत्रे, तेल, रॉकेल, भुसा सगळं सांगता.

“हातात काय घालता?”

“मोजे. चामड्याचे. कंपनी देते, पत्र्यानं कापू नये म्हणून.”

हॉल शांत होतो. डॉक्टर पाठीवरच्या पट्ट्या ओढतात, चर्र आवाज येतो, केसांसकट. याडासोन नावाच्या त्वचातज्ज्ञानं १८९५ मध्ये दाखवलेली युक्ती ती हीच: ज्याचा संशय, ते पाठीवर चिकटवा आणि थांबा. तेलाखालची कातडी स्वच्छ. निकेलखाली काही नाही. पोटॅशियम डायक्रोमेटच्या चकतीखाली लाल, फुगलेला, फोडांनी भरलेला गोल. सगळे पुढं झुकतात. कुणीतरी फ्लॅश उडवतो.

चामडं क्रोमनं कमावतात. तेलानं आणि घामानं मोजा भिजला की ते क्रोम सुटतं आणि मनगटात मुरतं. हात वाचवायला दिलेल्या मोज्यानंच हात खाल्ले. तुम्हाला हसू येतं, डॉक्टरांना येत नाही, कारण पुढचा प्रश्न अवघड आहे: मोजे काढले तर पत्रा कापेल. चर्चा मलमावरून निघून कापडी मोजे, लाइट ड्यूटी आणि ‘मॅनेजमेंटला सांगणार कोण’ इथवर जाते. मलमाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, शेवटच्या प्रश्नाला कुणी हात वर करत नाही.

बाबांची पट्टीही निघते. पानाखालची कातडी बघितल्यावर डॉक्टर त्यांना गवत दाखवतात. बाबा ते ओळखतात. “हे? हे तर सगळीकडंच हाय.”

“त्यापासून लांब राहायचं.”

बाबा खिडकीबाहेर बघतात. कुंपणापासून रेल्वे रुळापर्यंत पांढरी फुलं डोलताहेत.

प्लेटिंगवाल्या पोराच्या एका नाकपुडीत टॉर्च धरतात आणि उजेड दुसरीतून दिसतो. मधल्या पडद्याला भोक पडलंय. तो विचारतो, शिट्टी वाजते ती त्यामुळंच का? कुणी हसत नाही. मग खिडक्यांना काळे पडदे, कॅरोसेल प्रोजेक्टरची खटखट, तापलेल्या धुळीचा वास, एक स्लाइड उलटी. तुम्हाला एसटीचं भाडं, पोटॅशची पुडी आणि चिठ्ठी मिळते. शर्ट घाला.

घातलात? मग एक उडी पुढं, थोडक्यात. चिंचवडचं हॉटेल, एसीचा गारठा, सनस्क्रीनचे आणि लेसर मशीनचे स्टॉल, खांद्याला लावायच्या पिशव्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवायचे असतात, म्हणून दारात सह्यांची रांग. व्याख्यानं त्या कॅन्टीनवरच्या हॉलपेक्षा कितीतरी सरस आहेत, हे मान्य करायलाच हवं. विषय गजकर्ण: नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये भारताच्याच नावाचं लेबल लागलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमनं गजकर्ण पसरतो. २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. बाक मात्र कुठंच नाही. पेशंट पडद्यावर आहे, कमरेपासून मांडीपर्यंत. मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज विचारतो, “काम काय करतो हा?” वक्ता लॅपटॉपमध्ये बघतो. “सर, मेल, ट्वेंटी-सिक्स.” आणि जेवणाची घोषणा होते.

तो सव्वीस वर्षांचा माणूस तुम्हीच. चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामगार, म्हाळुंग्याच्या खोलीत कॉट बेसिसवर, सहा जणांत एक दोरी आणि दोरीवर सगळ्यांचे टॉवेल. जाड कापडाचा युनिफॉर्म पट्ट्याखाली ओला होतो, दुसऱ्या शिफ्टला तोच घालायचा. खाज सुटलीय, बस यायला दहा मिनिटं आहेत, समोर मेडिकल उघडं आहे. तुम्ही काउंटरवर रिकामी ट्यूब ठेवता. दुकानदार नाव वाचत नाही, मागच्या फळीकडं हात नेतो.

“तीच ना?”

“तीच. मोठी द्या, रूममधल्या पोरांनाही पाहिजे.”