बंगळूर आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. ही वीज कावेरीवरील शिवनसमुद्रम् येथून येत असे. तेथील केंद्र १९०२ साली मुख्यतः कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी सुरू झाले होते. त्या दिव्यांचे कौतुक इतिहासग्रंथांतून आढळते व ते योग्यच होय. परंतु दिवा जितका तेजस्वी तितकाच परावलंबी. दूर कोठे तार तुटली की तो तत्क्षणी विझावयाचा, कारण प्रत्यावर्ती प्रवाह जसाच्या तसा साठवून ठेवता येत नाही. दूरध्वनीच्या तारेला ही परवशता कधीच मानवली नाही.

फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शिशाचा संचायक घट सिद्ध केला. शिशाचे पत्रे, गंधकाम्ल आणि पाणी एवढेच त्याचे साहित्य. पण एकदा रिकामा झालेला हा घट पुन्हा भरता येई. एका घटाचा दाब दोन व्होल्ट, म्हणून चोवीस घटांची माळ अठ्ठेचाळीस व्होल्टांची झाली. लांबच्या तारेतून बोलणे पोहोचावे इतका हा दाब पुरेसा, आणि चुकून हात लागला तरी सहसा जीव जाऊ नये इतका बेताचा. त्यातही दूरध्वनीवाल्यांनी धन टोक जमिनीला जोडले. ओलाव्यात तांब्याची तार धन असेल तर ती झिजत जाते. ऋण ठेवल्यास टिकते. आजची यंत्रेही 'उणे अठ्ठेचाळीस' व्होल्टांवरच चालतात, यामागे ही जुनी काटकसर आहे.

१९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. देशाला लागणारे दूरध्वनी व स्वयंचलित केंद्रांची सामग्री तेथे तयार होऊ लागली. अशा प्रत्येक केंद्रामागे एक 'बॅटरी रूम' असे. बाहेरची वीज रेक्टिफायरमधून एकदिश होऊन येई आणि घटमाला त्याच वाहिनीला अखंड जोडलेली राही. वीज गेली तरी काही बदलावे लागत नसे, कारण घट आधीपासूनच हजर असत. साठवलेल्या विजेचे पुन्हा प्रत्यावर्ती रूपांतर करून, मग यंत्राच्या पोटात ती परत एकदिश करण्याची अलीकडची रीत या साधेपणापुढे द्राविडी प्राणायामच वाटते. प्रत्येक रूपांतरात थोडी वीज वाया जाते आणि बिघडावयास आणखी एक जागा निर्माण होते.

त्या खोलीत रबरी एप्रन घातलेला कर्मचारी घटांतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजी, पाण्याची भर घाली आणि आकडे नोंदवहीत मांडी. नोंदवहीतला एकच घट इतरांहून मागे पडू लागला की तो ओळखू येई.

पुढे हा माणूस नाहीसा झाला. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी रचलेले लहान स्वयंचलित केंद्र १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसले. राणी चन्नम्माच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव. वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हात, जवळ कायमचा तंत्रज्ञ नसतानाही ते चालावे अशी त्याची योजना होती. त्यानंतर बंद तोंडाचे, पाणी न मागणारे घट सर्वत्र आले. सोय मोठी झाली; मात्र घटाच्या आत डोकावण्याची वाट बुजली.

येथून दूरनिरीक्षणाची गरज सुरू होते, आणि फसगतही येथेच होते. रेक्टिफायर माळेच्या दोन टोकांमध्ये चोपन्न व्होल्ट ठेवतो. एक घट आतून जुळून निकामी झाला तरी उरलेले तेवीस घट त्याचा भार वाटून घेतात व एकूण आकडा चोपन्नच दिसतो. एखादा घट सुकून गेला तरी चोपन्नच. दूरच्या कचेरीत बसलेल्याला जो दाब दिसतो तो रेक्टिफायरचा. घटाची खरी शक्ती वीज गेल्यावरच कळते. म्हणून माळेच्या मध्यबिंदूला एक तार जोडून दोन्ही अर्धांचा दाब ताडून पाहावा. निरोगी माळेत तो सत्तावीस-सत्तावीस येतो. एक घट जुळलेला असल्यास सुमारे दोन व्होल्टांचा फरक पडतो. प्रत्येक घट वेगळा मोजता आला तर फारच उत्तम. तापमान पाहणेही तितकेच अगत्याचे, कारण पंचवीस अंशांवर दर आठ-दहा अंशांनी घटाचे आयुष्य निम्मे होते. सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळुरात बसून केलेली निवड विदर्भातल्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात कशी टिकणार, हा प्रश्न निवड करणाऱ्यास क्वचितच सुचतो.

हिशेब तसा सोपा आहे. वीस अँपिअरचा भार सहा तास चालवायचा तर एकशेवीस अँपिअर-तास लागतात. पण वापर दहा तासांहून जलद असल्याने क्षमता घटते आणि उतारवयात घट ऐंशी टक्क्यांवर येतो; ते धरल्यास सुमारे एकशेसत्तर, म्हणजे बाजारात मिळणारा दोनशेचा घट. अलीकडचे लिथियमचे संच आपल्या प्रत्येक घटाची हकिकत स्वतःच कळवितात, पण त्यांतील संरक्षक मंडल कधी कधी पूर्वसूचनेवाचून पुरवठाही तोडते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, आणि भ्रमणध्वनीचे मनोरे घट संपतील तसे एकामागून एक मुके झाले. घरच्यांचा शोध घेणाऱ्या हजारोंना त्या रात्री कोणाचाच आवाज ऐकू आला नाही. निरीक्षणयंत्राने पाठवावयाचा इशारा जर त्याच मनोऱ्यावरून जात असेल तर तोही अशा वेळी मुकाच राहतो. म्हणून इशाऱ्याची वाट निराळी हवी, आणि निरीक्षणयंत्राला त्याच अठ्ठेचाळीस व्होल्टांतून, पण भाराच्या आधी, स्वतंत्र फ्यूज घालून वीज द्यावी लागते. शिवाय वर्षातून एकदा रेक्टिफायरचा दाब मुद्दाम उतरवून घटांना काही तास भार वाहावयास लावावा. हे दूरून, एका आज्ञेने करता येते. मात्र त्या दिवशी जवळ माणूस ठेवणे बरे.