डब्यातला इतिहास

परवा आमच्या चिरंजीवांच्या शाळेच्या डब्यात मी पेरूच्या फोडी आणि फरसबीची भाजी भरून दिली. संध्याकाळी दोन्ही सुखरूप परत! बँकेत न वटलेले चेक मी रोज पाहतो, पण हा माझ्याच सहीचा होता.

खरं तर या मंडळींचा प्रवास केवढा! पेरू, पपई, बटाटा, टोमॅटो, फरसबी, इतकंच काय फोडणीतली मिरचीसुद्धा मूळची अमेरिका खंडातली. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पुढे यांतली बरीचशी त्यांच्या जहाजांतून इकडे उतरली. 'बटाटा' हे नावही त्यांचंच. फ्लॉवर तेवढा इंग्रजांचा, १८२२ सालचा. दोन-दोन महासागर ओलांडलेल्या या भाजीला डब्यापासून तोंडापर्यंतचं वीतभर अंतर मात्र ओलांडता येत नाही!

टाकवेना, म्हणून ओट्याशी उभा राहून मीच सगळं संपवलं. चिरंजीव आत सांगत होते, "आई, बाबांना पेरू फार आवडतो गं!"

माझा परत आलेला डबा माझी आईही अशीच ओट्याशी उभी राहून संपवायची. तिला भाज्या फार आवडतात, अशी माझी परवापर्यंत पक्की समजूत होती.